कोचिंग, काउन्सेलिंग की योग: आधी कुठे जावं?

ओंजळ

नमस्कार मंडळी, हा धागा कुठल्या विभागात काढावा ते कळत नव्हतं म्हणून आरोग्यात काढतेय, जागा चुकली असेल तर हलवा.

गेले काही महिने माझं काहीतरी बिनसलंय. आजारी म्हणावं तर आजारी नाही. ऑफिसला जातेय, कामं होतायत, घरचंही चाललंय. पण पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि डोक्यात कामांची यादी सुरू होते ती पार उजाडेपर्यंत. माझ्याकडे टीम आली तेव्हापासून हे वाढलंय असं वाटतं. बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड होते, मुलांवर आवाज चढतो. आधी गाणं शिकायचे, ते आपोआप सुटलं, आणि सुटल्याचं काहीच वाटत नाही.

कोणाला सांगावं तर प्रत्येकाचं वेगळंच. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते लाइफ कोच घे, तिला खूप फायदा झालाय. बहीण म्हणते काउन्सेलरकडे जा. शेजारच्या काकू म्हणतात योगाला चल, झोप आपोआप लागेल. तिघींनाही माझी काळजी आहे आणि तिघींनाही आपापल्या उपायाची पूर्ण खात्री आहे. मला मुळात या तिन्हींतला फरकच नीट माहीत नाही. कशासाठी कोणाकडे जायचं आणि आधी कुठे जायचं? ज्यांनी यातलं काही केलंय किंवा जे या क्षेत्रात आहेत त्यांनी सविस्तर लिहा प्लीज. 'सगळं मनावर असतं' हे मात्र नको, ते ऐकून झालंय.

पाऊलवाट

डोळे झाकून योगाला जा. मी नोकरीच्या टेन्शनमध्ये असताना सुरू केला आणि आजतागायत सोडला नाही. झोप, पचन, राग सगळ्यात फरक पडला. कुणाकडे जाऊन बोलत बसायची वेळच आली नाही. सकाळी लवकर उठून सूर्यनमस्कार आणि प्राणायाम, बस.

चांदणवेल

वाचतेय. माझाही हाच प्रश्न आहे, फक्त माझ्याकडे टीम नाही, सासरे आजारी आहेत.

तळटीप

ओंजळ, मी काउन्सेलर आहे. इथे पोस्ट वाचून निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही, पण तुम्ही लिहिलेल्या एका ओळीवर थांबले. झोपेची नाही, गाण्याची. जे आवडायचं ते सुटणं आणि सुटल्याचं काही न वाटणं, हे आम्ही फार लक्षपूर्वक ऐकतो. उदासीसाठी (डिप्रेशनसाठी) पीएचक्यू-९ नावाची एक नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली जगभर वापरतात, तिचा पहिलाच प्रश्न असा आहे की गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झालाय का. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर तज्ज्ञांना भेटावं असं साधारण धरतात. ती चाळणी आहे, निदान नव्हे, पण आपण कुठे उभे आहोत याचा अंदाज येतो आणि डॉक्टरांशी बोलताना शब्द सापडतात. चिंतेसाठी अशीच जीएडी-७ आहे, सात प्रश्नांची.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. कोच तुमच्यासोबत पुढचं बघतो: कुठे जायचंय, आडवं काय येतंय, या आठवड्यात काय करणार. त्यासाठी तुमच्यात ते करण्याइतकी ताकद शिल्लक आहे असं तो गृहीत धरतो. काउन्सेलर त्या ताकदीचं काय झालंय तेच बघतो: झोप, भीती, दुःख, नात्यांतले ताण, जुन्या जखमा. योग शरीराच्या बाजूने आत येतो, श्वास आणि स्नायू यांच्यामार्फत. तिन्ही चांगले आहेत, पण एकाच्या जागी दुसरा चालेल असं नाही. माझं मत विचाराल तर ज्याची झोप, भूक, रस यातलं काहीतरी दोन आठवड्यांपेक्षा जास्त बिघडलंय त्याने आधी काउन्सेलर किंवा डॉक्टर, सोबत हलका योग, आणि कोच नंतर. खचलेल्या माणसाला ध्येयं लिहायला लावली की तो प्रयत्न करतो, जमत नाही, आणि मग 'माझ्यातच दम नाही' असं धरून बसतो. ही माणसं नंतर आमच्याकडे येतात तेव्हा आधीपेक्षा जास्त थकलेली असतात, म्हणून क्रमाबद्दल इतकं आग्रहाने लिहितेय.

आणि हो, कुठेही जायच्या आधी एकदा रक्त तपासून घ्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२. थकवा, चिडचिड, उदासी यातलं बरंचसं तिथूनही येऊ शकतं.

नीलपंख

तळटीप यांना अनुमोदन, पण कोचिंगची बाजू मांडावीशी वाटते कारण त्याबद्दल लोकांच्या मनात फक्त स्टेजवर ओरडणारे वक्ते असतात. मी दोन करिअरच्या मध्ये अडकलो होतो. झोप व्यवस्थित, तब्येत व्यवस्थित, फक्त निर्णय होत नव्हता. माझी कोच जवळपास काहीच सांगायची नाही, विचारायची. तुला काय हवंय, आत्ता नेमकी स्थिती काय, कुठकुठले पर्याय आहेत, आणि यातलं तू खरंच काय करणार, कधी. नंतर कळलं की याला ग्रो मॉडेल म्हणतात, जॉन व्हिटमोर यांनी १९९० च्या दशकात ते लोकप्रिय केलं. ऐकायला एवढंसं वाटतं पण समोरचा माणूस तुम्हाला 'बघू' म्हणून सुटू देत नाही तेव्हा कळतं की आपण किती वर्षं 'बघू' म्हणत होतो.

तिची मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट वेगळी आहे. एका सेशनमध्ये वडिलांचा विषय निघाला आणि मला बोलवेना. ती थांबली आणि म्हणाली, हे माझ्या कामाच्या कक्षेबाहेरचं आहे, यासाठी तुम्ही काउन्सेलरला भेटा, आपलं काम आपण नंतर पुढे नेऊ. स्वतःची हद्द ओळखणारी व्यक्ती म्हणून तिच्यावर माझा विश्वास बसला तो तेव्हा.

अर्धविराम

नीलपंख, तुम्हाला चांगली माणसं भेटली याचा आनंद आहे पण सगळ्यांना ती भेटत नाहीत. बहुतेक देशांत 'कोच' हे नाव लावायला कुठलाही परवाना लागत नाही, उद्या मीही पाटी लावू शकते. माझ्या भावाला एकाने फोनवरच सांगितलं की २१ दिवसांत तुमचं आयुष्य बदलेल, आजच पैसे भरले तर सूट, आणि डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत म्हटल्यावर म्हणे त्या मनाला दुबळं करतात, हळूहळू बंद करा. नशीब भावाने घरी सांगितलं.

त्यामुळे पैसे भरायच्या आधी विचारायचे प्रश्न लिहून ठेवा. प्रशिक्षण कुठे घेतलं, किती तासांचं. स्वतःच्या कामावर देखरेख करणारं, सल्ला देणारं कुणी वरिष्ठ आहे का. मध्येच थांबलं तर उरलेले पैसे परत मिळतात का. कुठल्या परिस्थितीत तुम्ही मला दुसरीकडे पाठवाल. या शेवटच्या प्रश्नावर जो म्हणतो 'तशी वेळच येत नाही, माझ्या पद्धतीने सगळं बरं होतं' त्याच्याकडे जाऊ नका.

नीलपंख

एकदम मान्य, आणि यात भर घालतो. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन म्हणून एक संस्था आहे, १९९५ मध्ये सुरू झालेली, तिच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीला म्हणजे एसीसीला किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग, पीसीसीला १२५ आणि ५००, एमसीसीला २०० आणि २५००. प्रमाणपत्र आहे म्हणजे माणूस चांगलाच असेल असं नाही, पण किमान कुणीतरी त्याचं काम तपासलंय.

आणि ते २१ दिवसांचं खूळ जायला हवं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या सवयी प्रत्यक्ष मोजल्या होत्या, सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस आले आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकला तर फार बिघडत नाही असंही त्यात दिसलं. बाविसाव्या दिवशी आपण नापास झालो असं समजून किती लोक सोडून देत असतील.

ओंजळ

बापरे, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. तळटीप ताई, ती प्रश्नावली भरली. आकडा लिहीत नाही पण १० च्या वर आहे. नवव्या प्रश्नाचं उत्तर शून्य आहे, ते सांगते म्हणजे कुणी काळजी करू नका.

आता खरं सांगायचं तर काउन्सेलरकडे जायची भीती वाटतेय. तिथे नेमकं काय होतं? लहानपणापासूनचं सगळं सांगावं लागतं का? आणि मी बोललेलं घरी किंवा ऑफिसला कळणार नाही ना?

तळटीप

भरलीत हे फार चांगलं केलंत, आणि शून्याचं आवर्जून सांगितलंत तेही. वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते, नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर शून्य सोडून काहीही आलं तर धाग्यावर उत्तराची वाट बघत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर, हॉस्पिटल किंवा हेल्पलाइन गाठा, घरच्या एका तरी माणसाला सांगा आणि एकटं राहू नका. दुसऱ्या कुणाबद्दल शंका आली तर त्याला सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का म्हणून. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

पहिल्या भेटीचं सांगते. साधारण पाऊण ते एक तास. आधी काउन्सेलर गोपनीयतेबद्दल बोलतो, नाही बोलला तर तुम्ही विचारा. तुमचं बोलणं बाहेर जात नाही, नवऱ्याने फोन केला तरी नाही, ऑफिसने विचारलं तरी नाही. अपवाद मोजके असतात आणि ते आधीच सांगायचे असतात: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, लहान मुलावर अत्याचार, कोर्टाचा आदेश. ऑफिसच्या योजनेतून जात असाल तर कंपनीला नेमकं काय कळवलं जातं ते लेखी मागा, संकोच करू नका.

मग विचारतात, कशामुळे आलात, कधीपासून, झोप कशी, घरात कोण कोण, आधी असं कधी झालं होतं का. लहानपणाचं सगळं सांगावं लागत नाही. 'यावर आज नको' असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. रडू आलं तर येऊ द्या, न येणंही ठीक. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) पद्धतीने काम करणारा असेल तर आत्ताचे विचार, भावना आणि वागणं यांची साखळी बघेल. ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात ती पद्धत बांधली, त्यात घरी करायचा थोडा अभ्यासही असतो आणि काम बरेचदा १२ ते २० भेटींत आटोपतं. दुसरे काही मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या वाटेने जातात, तिथे सल्ला कमी आणि ऐकणं जास्त. सुरुवातीला लोकांना वाटतं हा तर काही सांगतच नाही, पण न तोडता, न तोलता कुणी तासभर ऐकलंय असा अनुभव पुष्कळांना मोठेपणी पहिल्यांदाच येतो.

पद्धत कुठलीही असो, अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसणारी गोष्ट ही की तुमचं आणि काउन्सेलरचं जमणं, आणि आपण कशासाठी काय करतोय यावर दोघांचं एकमत असणं, याचा परिणामाशी चांगलाच संबंध आहे. त्यामुळे दोन-तीन भेटींनंतर जमत नाहीये वाटलं तर तसं सांगा.

पाऊलवाट

सगळं ठीक आहे पण मला अजूनही वाटतं की आपण साध्या गोष्टीला मोठं करतोय. योग हजारो वर्षांचा आहे. मला तेवढ्यानेच बरं वाटलं हे मी नाकारू कसं?

संथवारा

पाऊलवाट दादा, नाकारू नका, तुमचा अनुभव खराच आहे. मी योग शिकवते, त्यामुळे योगाच्या बाजूनेच बोलते, पण योगावर प्रेम आहे म्हणूनच काही गोष्टी सांगायला हव्यात.

पहिलं म्हणजे आसनं हा योगाचा केवढासा भाग आहे. पतंजलींच्या सूत्रांमध्ये आसनावर जेमतेम तीन सूत्रं आहेत, बाकी सगळा विचार मनाचा आणि वागण्याचा. त्यातलं पहिलं, स्थिर आणि सुखकर ते आसन, मी प्रत्येक बॅचला सांगते कारण लोक घाम काढायला येतात आणि आधीच ताठलेलं शरीर आणखी ताणतात.

दुसरं, ओंजळ, तुमच्यासारखी पहाटे जाग येणारी, छातीत धडधडणारी माणसं येतात तेव्हा मी त्यांना लगेच कपालभाती किंवा भस्त्रिका देत नाही. जलद श्वासाने काही जणांची धडधड वाढते, चक्कर येते, आणि त्यांना वाटतं अटॅकच आला. त्यांना मी श्वास सोडणं लांबवायला शिकवते. नाकाने सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर, मध्ये रोखून धरायचं नाही. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास झाले की हृदयाची लय बदलते आणि शरीराला विसावा देणारी मज्जासंस्था पुढे येते, यावर बराच अभ्यास झालाय. पण सहा मोजण्याच्या नादात गुदमरू नका, आठ झाले तरी चालतील. भ्रामरीही चांगली, त्यात श्वास आपोआप लांबतो.

तिसरी गोष्ट क्लासमध्ये फारसं कुणी सांगत नाही. डोळे मिटून शवासनात पडणं सगळ्यांना शांत करत नाही. ज्यांच्या बाबतीत पूर्वी काही भयंकर घडलंय त्यांना तिथेच नको ते आठवतं, अंग थरथरतं. मी आधीच सांगून ठेवते की डोळे उघडे ठेवा, कुशीवर झोपा, उठून बसा, बाहेर जा, काहीही चालेल. आणि कुणाचंही आसन हाताने सुधारण्याआधी विचारते. बेसल व्हॅन डर कोल्क यांच्या गटाने २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, जुन्या आघातातून आलेला पीटीएसडी (भयंकर काही घडल्यानंतर मनात टिकून राहणारा आजार) असलेल्या आणि इतर उपचारांनी पुरेसा फरक न पडलेल्या ६४ स्त्रियांचा. दहा आठवडे अशा जपून शिकवलेल्या योगानंतर जवळपास निम्म्या जणी त्या निदानात बसेनाशा झाल्या, तुलनेच्या गटात हे प्रमाण साधारण पाचात एक होतं. म्हणजे योगात ताकद आहेच. पण तो योग उपचारांच्या जोडीला होता, त्यांच्याऐवजी नव्हता, हे विसरू नका.

काचबिंदू असेल तर शीर्षासन आणि डोकं खाली जाणारी आसनं नकोत, डोळ्यातला दाब वाढतो. बीपी आटोक्यात नसेल, हर्निया असेल, गरोदर असाल तर शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा. जे शिक्षक विचारतच नाहीत त्यांच्याकडे नका जाऊ.

पाऊलवाट

श्वासाचं हे मला माहीत नव्हतं. मी माझ्या मेहुण्याला कपालभाती सांगितली होती, आज फोन करून त्याची धडधड विचारतो. तुमचं म्हणणं पटलं, ताणासाठी माझं औषध चाललं पण प्रत्येकाचा त्रास ताणच असेल असं नाही.

कवडसा

अर्धविराम यांच्या भावाच्या गोळ्यांवरून लिहितेय. मी डिप्रेशनवर औषध घेते आणि योगही करते. औषध सुरू केल्यावर पहिले काही आठवडे वाटतं काहीच होत नाहीये, कारण परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात, आणि त्याआधी मळमळ, झोप असलं काहीतरी येतं. नेमक्या त्याच वेळी कुणीतरी येऊन म्हणतं, सोड ग, प्राणायाम कर. अचानक बंद केलं तर चक्कर, अस्वस्थता, झोप उडणं असे त्रास होतात आणि मूळ आजार उलटू शकतो. बंद करायचं तर डॉक्टरांसोबत, हळूहळू. माझ्या योगशिक्षिकेने कधी एका शब्दाने औषधाबद्दल सल्ला दिला नाही आणि माझ्या डॉक्टरांनी योग बंद कर म्हटलं नाही, अशी दोन माणसं मिळाली की अर्धं काम होतं.

चांदणवेल

मी आजारी माणसाचं करते, मला तासभर घराबाहेर पडणं शक्य नाही. ऑनलाइन काउन्सेलिंगचा उपयोग होतो का? घरात सगळे ऐकतात ही अडचण आहे.

तळटीप

होतो. चिंता आणि उदासीसाठी व्हिडिओवरून केलेल्या सीबीटीचे परिणाम समोरासमोरच्या भेटीच्या बरेच जवळ जातात. ऐकू जाण्याचं मात्र आधी ठरवून घ्या. हेडफोन लावून गच्चीवर किंवा थांबलेल्या गाडीत बसून बोलणारे पुष्कळ आहेत. कुणी खोलीत आलं की म्हणायचं एखादं वाक्य काउन्सेलरशी ठरवून ठेवा, म्हणजे तो विषय बदलेल. आणि चांदणवेल, आजाऱ्याचं करणाऱ्याचं खचणं हे खरं खचणं आहे. 'मला काय झालंय, आजारी तर ते आहेत' असं म्हणत थांबू नका.

ओंजळ

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. रक्त दिलंय, रिपोर्ट उद्या येईल. काउन्सेलरची पुढच्या आठवड्याची वेळ घेतली, फोनवरच गोपनीयतेचं विचारलं आणि तिने नीट उत्तर दिलं. काकूंच्या योगाला जाणार आहे, पण सूर्यनमस्कारांच्या बॅचला नाही, संध्याकाळच्या हळू बॅचला. कोचचं सध्या नको, मैत्रिणीला तसं सांगितलं, ती समजली.

एक शेवटचं विचारते. उपयोग होतोय की नाही हे कळणार कसं? आणि हे संपतं कधी, की आयुष्यभर जात राहायचं?

तळटीप

कळतं, पण 'आता मी आनंदी आहे' असं वाटून सहसा कळत नाही. जाग येते पण परत झोप लागते. चिडचिड होते पण लवकर ओसरते. जे टाळत होतो त्यातलं एखादं काम होऊन जातं. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरा आणि काउन्सेलरला दाखवा. बेरीज हलत नसेल किंवा वाढत असेल तर हे बदलायला हवं असं तुम्हीच म्हणा: पद्धत बदलायची, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं, की दुसरा काउन्सेलर बघायचा. मधली एखादी भेट जड जाते, घरी येऊन जास्त वाईट वाटतं, तेवढ्यावरून सोडू नका, पण प्रत्येक वेळी तसंच होत असेल तर नक्की बोला.

संपतं. पहिल्या एक-दोन भेटींतच विचारा की आपण कशासाठी काम करतोय आणि ते झालं हे कसं ओळखायचं. बरं वाटायला लागलं की भेटी आठवड्यावरून पंधरवड्यावर, मग महिन्यावर जातात. शेवटच्या एका भेटीत पुन्हा घसरल्याची तुमची स्वतःची लक्षणं कागदावर लिहून घेतात. तुमच्या बाबतीत कदाचित पहाटेची जाग असेल, कदाचित गाणं सुटणं असेल. तो कागद बहिणीलाही दाखवून ठेवा, कारण पुष्कळदा आपल्याआधी घरच्यांना दिसतं. पुन्हा गरज पडली तर त्याच काउन्सेलरकडे दोन-चार भेटींसाठी परत जाता येतं, बरेच जण जातात.

रिपोर्ट आले की बी१२ आणि थायरॉइडचं आधी डॉक्टरांना विचारा, इथे आकडे टाकू नका.